फुलोऱ्याचा दोरा

मांजर ओकणार आहे हे आधी कानाला कळतं. चालता चालता ती मध्येच थांबते, मान खाली घालते आणि पोटातून एक ओला, दबलेला आवाज यायला लागतो. हुक्, हुक्, हुक्. आमच्या घरात हा आवाज आला की मी हातातलं काम टाकून ओरडायची, "अवं, सतरंजीवरून हाकला तिले!" आणि ती नेमकी सतरंजीवरच जाऊन ओकायची. अख्खी फरशी मोकळी असताना. धुवायला सगळ्यात कठीण जागा कोणती हे मांजरांना बरोबर कळतं, असं माझं ठाम मत आहे.

पुसायचं काम माझ्याकडे असल्यामुळे तिच्या उलट्यांची मला चांगलीच ओळख होती. एक केसांची, वळकटीसारखी लांबट. एक गवताची, अंगणातलं गवत खाऊन पांढऱ्या फेसासकट बाहेर टाकलेली. आणि तिसरी अधाशीपणाची, खाल्लं तसंच्या तसं परत, आणि वर मी फडकं आणेपर्यंत बाईसाहेब तेच पुन्हा चाटायला हजर. यातली कुठलीही उलटी झाली तरी ती नंतर अंग चाटून शेपटी वर करून दुकानात निघून जायची. त्यामुळे मांजराची उलटी म्हणजे माझ्या डोक्याला ताप, तिला काही होत नाही, असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांत हा समज मोडला.

आमचं घर सेलूत, बाजाराच्या रस्त्याला. समोर दुकान, मागे घर, बाजूला गोदाम. दुकान बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं. हंगामात आम्ही तूर, सोयाबीनही घेतो. दुकान दोन भावांचं. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गल्ल्यावर बसायचे आणि माझा नवरा गोदाम सांभाळायचा. गोदामात उंदीर फार झाले तेव्हा भासऱ्यांनी करड्या पट्ट्यांचं मांजरीचं एक पिल्लू आणलं. नाव काही ठेवलं नाही. ते तिला "ओ बाई" म्हणायचे, बस. "ओ बाई, चला, दुकान उघडाचं हाये." आणि ती खरंच उठून त्यांच्या मागे जायची. उंदीर तिनं किती मारले देव जाणे, पण भासऱ्यांच्या मांडीवर बसून गिऱ्हाइकाकडे ती असं पाहायची, की भाव करायला आलेला माणूसही जरा अदबीनं बोलायचा.

भासऱ्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, तिला मी ताई म्हणते. ताई कमी बोलणाऱ्या, मी घरातली वटवट करणारी. स्वयंपाकघर आमच्या दोघींचं एकच. महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बसतात, आणि त्यांच्यापुढचा फुलोरा बांधायचं काम ताईंचं. ज्यांच्याकडे फुलोरा नसतो त्यांच्यासाठी सांगते. करंज्या, पापड्या, देवीची वेणी, फणी, आरसा, असं सगळं पिठाचं करून तुपात तळायचं, एकेका पदार्थाला दोरा ओवायचा, आणि महालक्ष्म्यांच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगलेली असते तिला ते सगळं लटकवायचं. दोरा नेहमी कच्च्या सुताचा.

भासरे होते त्या शेवटच्या महालक्ष्म्यांत आरती चालू असताना फुलोऱ्यातली एक करंजी सुटून खाली पडली. थेट ज्येष्ठेच्या पायाशी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, हिंगणीहून दरवर्षी येतात आणि घरातलं शेवटचं वडीलधारं माणूस म्हणून सगळ्यांना धाकात ठेवतात. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अवं माय, हे काय झालं वं!" मी करंजी उचलून ताटात ठेवली आणि आरती पुढे चालू झाली. दसऱ्याच्या आधी भासरे गेले. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मांजर मांडीवर होती, ती उतरायला तयार नव्हती.

नंतरचं वर्ष ताईंनी कसं काढलं हे मी रोज पाहिलं, म्हणजे पाहिलं असं मला वाटत होतं. त्या पोळ्या लाटायच्या, भाजी निवडायच्या, विचारलं तेवढं बोलायच्या. स्वतःहून तोंड उघडायच्या ते फक्त चहाच्या वेळी. वाटीत दूध ओतायच्या आणि दुकानाच्या दाराशी जाऊन हाक मारायच्या, "ओ बाई!" मांजर भासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीवरून उडी मारून यायची. मग ताई तिच्याशी बोलायच्या. ऊन किती आहे, दुकानात कोण आलतं, असलंच. मी आतून ऐकायची आणि मला बरं वाटायचं. या मांजरीला काही झालं तर ताई पुन्हा उठून बसणार नाहीत, ही भीती मला तेव्हापासून होती, आणि ती मी कोणालाच बोलून दाखवली नव्हती.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या आल्या तेव्हा आत्याबाईंनी आल्या आल्याच विषय काढला. चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाल्या, "ह्या साली फुलोरा तू बांधजो. तिच्या हातचा नको."

"काऊन?" मी म्हटलं.

"काऊन म्हंजे? तुले समजत नाई का?"

मला समजत होतं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आत्याबाई, तळाले ताई चालतात, पुरण घाटाले ताई चालतात, अन् दोरा बांधाले चालत नाईत? फुलोरा ताईच बांधतीन. नाई तं ह्या घरात फुलोरा होनार नाई." नवरा दारात उभा होता, त्यानं लगेच दुकानात काम काढलं. आत्याबाई फुगून बसल्या, पण गप्प झाल्या. मी जिंकले म्हणून मला आनंद झाला होता. ताई कोपऱ्यात वेलदोडे कुटत होत्या.

महालक्ष्म्या संध्याकाळी आत आणायच्या होत्या, म्हणून त्या दुपारीच ताई परात घेऊन फुलोरा बांधायला बसल्या. मी अंबाडीची भाजी निवडत होते. त्या खाली मान घालून एकेक गाठ मारत होत्या, फार सावकाश, आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहत होत्या. फुलोरा वर चढला तेव्हा मी खाली उभी राहून म्हटलं, "ताई, ह्या साली एकदम फस्कलास झाला." त्या हसल्या नाहीत. वर पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा दिवस. सकाळीच मांजर ओकली. दूध आणि तळलेल्या पापडीचा चुरा. मी म्हटलं, अधाशी कुठली, परातीत तोंड घातलं वाटतं, आणि पुसून टाकलं. नैवेद्य व्हायचा होता, आंबील ढवळायची होती, सोळा भाज्यांतल्या अर्ध्या फोडणीला टाकायच्या होत्या. पुन्हा आवाज आला तेव्हा पंगत बसलेली होती. हुक्, हुक्. महालक्ष्म्यांसमोरच्या रांगोळीपाशी. या वेळी नुसतं पिवळं पाणी आणि फेस. पंगतीतल्या बायांनी नाकाला पदर लावला. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. नवऱ्यानं मांजरीला उचलून गोदामात नेऊन ठेवलं.

चहाच्या वेळी ताईंनी दारात उभं राहून हाक मारली, "ओ बाई!" कोणी आलं नाही. पुन्हा मारली. मग आम्ही दोघी गोदामात गेलो. सोयाबीनच्या पोत्यांमागे ती चारही पाय पोटाखाली घेऊन बसली होती, पाठ वर आलेली, डोळे अर्धे मिटलेले. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पाण्याची वाटी पुढे केली तर तिनं वाटीवर तोंड नेलं आणि तसंच मागे घेतलं. तहान लागली आहे, पाणी समोर आहे आणि पिता येत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. ओकून शेपटी वर करून निघून जाणारी मांजर ही नव्हती. मला ठाऊक असलेल्या तिच्या उलट्यांत ही बसत नव्हती, आणि मी घाबरले.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना नवऱ्यानं फोन केला. ते कुठल्या तरी खेड्यात म्हशीच्या वेताला गेलेले. म्हणाले, सकाळपर्यंत खायला देऊ नका, आणि मांजराचं मला फार कळत नाही, वर्ध्यात एक बाई डॉक्टर आहेत, त्यांचा नंबर घ्या. ताई त्या रात्री तिच्याजवळच बसल्या असणार, कारण सकाळी मी उठले तेव्हा मांजर माजघरात गोधडीवर होती आणि ताई भिंतीला टेकलेल्या. गोधडीवर ताजी उलटी होती. त्यात लाल रेघ होती.

मी नवऱ्याला हाक मारली. नवरा आला, वाकून पाहिलं आणि एकदम पांढरा पडला. "औषध चाटलं तिनं," तो म्हणाला. "मीच गोदामात टाकलं न तिले." आमच्या दुकानात कसली कसली औषधं असतात हे मला सांगायला नको. तो गोदामात धावला, एकेक बाटली उचलून बुडं पाहत सुटला, कुठं गळली का, कुठं ओल आहे का. गळलेलं काही सापडेना, पण त्याला ते पटेना. इकडे आत्याबाई तुपाची वाटी घेऊन आल्या. "तूप पाजा तिले. विष उतरते." नवऱ्यानं मांजरीचं तोंड धरलं, आत्याबाईंनी चमचा भरला. तेवढ्यात मी वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता, तो लागला. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"तोंडातून काहीही घालू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. "तूप नाही, दूध नाही, मीठपाणी तर अजिबात नाही." आत्याबाईंचा चमचा तिथंच थांबला.

मग त्यांनी प्रश्न सुरू केले. पोट आत ओढून जोरानं ओकते की नुसतंच तोंडातून खाली पडतं? आधी काय पडलं, नंतर काय? पाणी टिकतं का? कालपासून शी झाली का? लपून बसते का? मी एकेकाचं उत्तर देत गेले आणि देता देता माझ्या लक्षात आलं की मला सगळं माहीत होतं. पापडीचा चुरा, मग पिवळं पाणी, मग लाळ, मग लाल रेघ. सगळं मीच पुसलं होतं. त्याचा अर्थ काय हे मात्र मला माहीत नव्हतं.

"आता एक करा," त्या म्हणाल्या. "तिचं तोंड उघडा आणि हनुवटीच्या खालून अंगठ्यानं वर दाबा, जीभ वर येईल. जिभेच्या खाली काय दिसतं ते सांगा."

नवऱ्यानं दाबलं. मी वाकून पाहिलं. जिभेच्या मुळाशी एक पांढरी रेघ आरपार गेली होती, जिभेत रुतलेली, दोन्ही बाजूंना मांस सुजून लाल झालेलं. मला आधी वाटलं शीर आहे.

"दोरा हाये!" नवरा ओरडला आणि त्यानं नखानं तो पकडला. मांजर किंचाळली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

"सोडा!" फोनमधून डॉक्टरीणबाई त्यापेक्षा जोरात ओरडल्या. "ओढू नका! आत्ताच्या आत्ता सोडा! ओढलात तर आतडं कापलं जाईल. कापूही नका, काहीही करू नका. तिला घेऊन या."

नवऱ्यानं हात असा मागे घेतला जणू चटका बसला. आत्याबाई म्हणाल्या, "दोरा? पोटात दोरा कुठून जाईन वं?" मी काहीतरी म्हणणार होते. पण माझं लक्ष ताईंकडे गेलं. त्या मांजरीकडे पाहत नव्हत्या. मान वर करून त्या फुलोऱ्याकडे पाहत होत्या. मीही वर पाहिलं. करंज्या, पापड्या, वेणी, फणी, सगळं जागच्या जागी होतं, एकही पदार्थ हललेला नव्हता. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की दोरा कच्च्या सुताचा नाही. तो पांढरा, चकचकीत, पिळाचा दोरा होता. आमच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायला असतो तो.

मी फोन बंद केला.

ताईंनी मांजरीला गोधडीसकट उचललं. आत्याबाई आडव्या आल्या. "अवं, महालक्ष्म्या घरात हायेत. विसर्जन नाई झालं. असं मधातच उठून जातेत का?" ताई थांबल्या नाहीत, पण त्यांचे पाय अडखळले, ते मला दिसलं. मी म्हटलं, "महालक्ष्म्या तुम्ही पाहा, आत्याबाई. आम्ही येतो." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

आम्ही वर्ध्याला निघालो. नवरा गाडी चालवत होता. मागे ताईंच्या मांडीवर मांजर होती आणि तिचं तोंड दर थोड्या वेळानं आपोआप उघडत होतं, ओकारी यायची, बाहेर काहीच पडायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटाचा एक्स-रे काढला आणि आम्हाला समजावून सांगितलं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. दोरा एकदा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, गिळतच जावं लागतं. या दोऱ्याचा फास जिभेच्या मुळाशी अडकला आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरला. आतडं पुढे सरकायला पाहतं, दोरा सरकू देत नाही. "परकराची नाडी ओढली की कशा चुण्या पडतात, तशा आतड्याला पडल्या आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणून ती ओकते आहे. पोटातलं काही पुढे जायला वाटच नाही. पोट उघडावं लागेल, आणि ती जगेल असं मी आत्ता सांगू शकत नाही."

इतकी वर्षं मी ज्या आवाजावर ओरडत आले, तो आवाज या वेळी मदतीला हाक मारत होता, असं मनात आलं. नवरा कागदावर सही करायला आत गेला. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. ताईंच्या हातात रिकामी गोधडी होती.

"एक पापडी फुटलती," ताई म्हणाल्या. समोरच्या भिंतीकडे पाहत. "गाठ आवळताना. फुटकी देवीले चालत नाई म्हून बाजूले सारली, दोऱ्यासकट. मंग पाह्यलं तं नव्हती. म्हटलं कोनी उचलली असन."

"असू द्या, ताई," मी म्हटलं. "कोनाच्याही हातून झालं असतं."

"कोनाच्याही नाई." त्या माझ्याकडे वळल्या. "त्या साली जे करंजी पडली, ते मीच बांधलती. गाठ मले तवाच ढिली वाटलती. म्हटलं राहू दे, एवढ्यानं का होते. अन् हे गेले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्हून ह्या साली पोत्याचा दोरा आनला. तुटलाच नाई पाह्यजे. दोन-दोन गाठी मारल्या." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, भाजी किती घ्यायची हे सांगावं तसा. "ढिली बांधली तरी जाते, पक्की बांधली तरी जाते. माह्या हातालेच काही हाये का वं?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. वर्षभर आम्ही एका ओट्यावर पोळ्या केल्या. वर्षभर ही बाई मनात हे घेऊन पीठ मळत होती, आणि मला, घरातल्या सगळ्यांची नस ओळखते म्हणून मिरवणाऱ्या मला, त्याचा वाससुद्धा आला नाही. मी ताईंच्या मानासाठी आत्याबाईंशी भांडले होते. ताई प्रत्येक गाठ जीव मुठीत धरून बांधत होत्या, हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

"ताई, भासऱ्यांच्या हार्टचं डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं न," मी म्हटलं. माझा आवाज चढला, मला रडू येत असलं की तो चढतो. "करंजीनं माणूस मरते का?"

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "मालूम असून का होते?"

मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा होता. दार उघडेपर्यंत आम्ही तशाच बसलो.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हातात एक स्टीलचा ट्रे घेऊन. त्यात दोरा होता. तो इतका लांब असेल असं मला वाटलं नव्हतं. पिवळा पडलेला, बुळबुळीत, तुकडे केलेला. एका टोकाला फास होता आणि त्यावर एकावर एक दोन गाठी. पोटातल्या सगळ्या खटाटोपानंतरही त्या गाठी जशाच्या तशा होत्या. ताई वाकल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "हे गाठ माही हाये." डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "एका जागी आतडं कापलं गेलं होतं. ते शिवलं आहे. आता पुढचे दिवस काढले पाहिजेत."

"शिवलं?" ताईंनी विचारलं. "कशानं?"

"दोऱ्यानंच. पण हा वेगळा. जखम भरली की आपोआप विरघळून जातो. काढावा लागत नाही."

"आपोआप जाते?"

"हो. त्याचं काम तेवढंच."

ताईंनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. भासरे गेल्यावर ज्या रडल्या नव्हत्या त्या तिथं, अनोळखी दवाखान्याच्या दारात, हमसून हमसून रडल्या. डॉक्टरीणबाई घाबरून पुन्हा पुन्हा सांगत होत्या की मांजर जिवंत आहे. मी त्यांना हातानंच खुणावलं, रडू द्या.

घरी आलो तेव्हा महालक्ष्म्यांचं विसर्जन झालेलं होतं. आत्याबाईंनी फुलोरा उतरवून प्रत्येक करंजीतला दोरा ओढून काढला होता आणि दोऱ्यांची मूठभर गुंडाळी देव्हाऱ्यासमोर ठेवली होती. मी कंबर कसूनच आत गेले, आता ह्या काय बोलतात आणि मी काय बोलते म्हणून. आत्याबाईंनी ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. "हाये का?" त्यांनी विचारलं. ताईंनी मान डोलावली. "जेवून घ्या मंग," आत्याबाई म्हणाल्या आणि ताटं घ्यायला उठल्या. एवढा धक्का मला दिवसभरात बसला नव्हता.

मांजर वाचली. पोटाचे केस भादरलेली, गळ्यात प्लास्टिकचा फनेल घातलेली अशी ती घरी आली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर भासऱ्यांच्या खुर्चीवर चढायचा प्रयत्न. ताईंनी उचलून बसवलं. त्यानंतर ती ओकली नाही असं नाही. मांजर आहे ती. पण आता हुक् आवाज आला की मी ओरडत नाही. चष्मा लावून गुडघ्यावर बसते आणि पाहते. केस आहेत का, गवत आहे का, रंग कुठला. मग तिच्याकडे पाहते. अंग चाटून निघून गेली तर मी फडकं आणते. लपायला लागली, पाण्यावर तोंड नेऊन मागे घेतलं, तर फोन हातात घेते. नवरा म्हणतो, तू तिची ओकारी वाचतेस पेपर वाचावा तशी. वाचते. पेपरात तरी काय वेगळं असतं?

यंदा महालक्ष्म्यांच्या आधी मी ताईंना विचारलं, आत्याबाई यायच्या आत, एकटीला गाठून. "ताई, फुलोरा बांधाचा हाये का तुम्हाले? नसन तं मी बांधते. खरं खरं सांगा."

"बांधते," त्या म्हणाल्या. "सूत आनजो. कच्चं."

बांधायच्या दिवसापासूनच मांजरीला खोलीत कोंडलं. उरलेल्या सुताचा तुकडान् तुकडा ताईंनी डब्यात टाकून झाकण लावलं. गाठ एकेकच मारली आणि ओढून पाहिली नाही. मीच मनातल्या मनात प्रत्येक गाठ ओढून पाहत होते.

जेवणाच्या दिवशी आरती उभी राहिली. नवऱ्याच्या हातात घंटी, आत्याबाईंच्या टाळ्या, मी ताट धरलेलं. आणि आरतीच्या मध्यावर टप्प असा आवाज झाला. करंजी. ज्येष्ठेच्या पायाशी, तिथंच.

घंटी थांबली. टाळ्या थांबल्या. आत्याबाईंचा हात तोंडाकडे गेला आणि अर्ध्यातच राहिला. माझ्या हातातलं ताट कलंडलं आणि कापूर विझला. नवऱ्याकडे पाहायची मला हिंमत झाली नाही. ताईंकडे तर नाहीच. पण पाहिलं.

त्या वाकल्या. करंजी उचलली. तिच्या भोकात सुताचं तुटलेलं टोक होतं, ते त्यांनी सावकाश ओढून काढलं, बोटाला गुंडाळलं आणि कमरेला खोचलं. मग करंजी हातात धरून त्या फुलोऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"कच्चं सूत हाये," त्या म्हणाल्या. "तुटनच." आणि माझ्या नवऱ्याकडे वळून, "भाऊजी, घंटी काऊन थांबवली? वाजवा न."

नवऱ्यानं घंटी वाजवली. मी कापूर पुन्हा पेटवला, दोन काड्या वाया गेल्या. आत्याबाईंनी पहिल्यापेक्षा मोठ्यानं आरती धरली. खोलीच्या बंद दारावर आतून मांजर नखं ओढत होती.

पडलेली करंजी ताईंनी ताटात ठेवली नाही, कोणाला दिलीही नाही. आरती झाल्यावर त्या तिथंच, महालक्ष्म्यांसमोर मांडी घालून बसल्या आणि ती सगळी स्वतः खाल्ली.